म्युनिकचा उन्हाळा: ऑक्टोबरफेस्टची वाट बघू नका, जुलैत या

इझारकाठ

ऑगस्ट लागला की या विभागात एक प्रश्न हमखास येतो: ऑक्टोबरफेस्टला म्युनिकला यायचंय, राहायचं कुठे? त्याची उत्तरं जुन्या धाग्यांवर भरपूर आहेत. हा धागा मी काढतेय तो वेगळ्या कारणासाठी. म्युनिकची माणसं स्वतःच्या आनंदासाठी काय काय करतात ते बघायचं असेल, तर जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत कधीही या. जूनअखेरीस रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, सगळं गाव बाहेर असतं, आणि चांगल्या म्हणाव्यात अशा बऱ्याच कार्यक्रमांना तिकीटच नसतं. पैसे वाचतात हा भाग आहेच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की तिकीट नसलं की कोणी कुठे बसायचं हे खिशावर ठरत नाही. शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. मला हे शहर कळलं ते अशा शेजाऱ्यांमुळे.

सगळं एका पोस्टीत मावायचं नाही. माझ्या सगळ्यात लाडक्या सोहळ्यापासून सुरुवात करते: कोखर्लबाल.

जुलैचा तिसरा रविवार. जागा इंग्लिशर गार्टन या प्रचंड बागेतला चिनी मनोरा, म्हणजे चिनेझिशर टुर्म. वेळ सकाळी सहा. कोखर्ल म्हणजे घरकाम करणारी स्वयंपाकीण. १८८० च्या सुमाराला इथल्या बड्या घरांतल्या स्वयंपाकिणी, मोलकरणी, मुलं सांभाळणाऱ्या बाया, गडी असे सगळे उन्हाळ्यातल्या रविवारी पहाटे पाचला या मनोऱ्याखाली जमायचे आणि आठपर्यंत नाचायचे. आठवड्यातला तेवढाच वेळ त्यांच्या हक्काचा. मालक-मालकीण उठायच्या आत परत कामावर हजर व्हायचं. हवा चांगली असली की पाच-पाच हजार माणसं जमायची म्हणतात. १९०४ मध्ये नीतिमत्तेचं कारण पुढे करून हा नाच बंद पाडला गेला. पुढे पंच्याऐंशी वर्षं बंदच. १९८९ मध्ये इंग्लिशर गार्टनला दोनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने तो पुन्हा सुरू झाला, आणि आता दहा हजारांच्या वर माणसं येतात.

सहाची वेळ असली तरी जागा पकडायला लोक अंधारात येतात. झाडांखाली लाकडी टेबलं, त्यांवर घरून आणलेली पांढरीशुभ्र चादर, कुणी चक्क चांदीचं मेणबत्तीदान आणलेलं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा पांढरा मुळा कापत असतात: अख्खा मुळा, न तोडता, गोल गोल, स्प्रिंगसारखा उलगडत जाईल असा. मग त्यावर मीठ भुरभुरवून तो तसाच ठेवायचा. पाच मिनिटांत त्याला पाणी सुटतं आणि तिखटपणा उतरतो. मेणबत्तीच्या उजेडात ते पाणी ताटलीत जमताना दिसतं. बहुतेक बायका डिर्न्डल या इथल्या पारंपरिक झग्यामध्ये, पुरुष चामड्याच्या अर्ध्या विजारीत, आणि काही जण मुद्दाम जुन्या काळच्या मोलकरणीचा एप्रन आणि टोपी घालून. ज्यांना नाचायला दिवस उजाडायच्या आतली वेळ तेवढी मिळायची, त्यांच्या आठवणीत आज डॉक्टर, शिक्षक, ट्रॅमचालक, विद्यार्थी सगळे पहाटे तीनला उठून येतात. यात मला फार मोठं काहीतरी वाटतं.

वाजंत्री मनोऱ्यावर बसते. नाच शिकवणारे व्यासपीठावरून पावलं समजावून सांगतात, त्यामुळे न येणाऱ्यालाही उभं राहता येतं. लेंडलर, पोल्का, त्स्वीफाखर, आणि सगळ्यांना जिची ओढ असते ती म्युन्शनर फ्राँसेझ: रांगांमध्ये समोरासमोर उभं राहून करायचा समूहनाच, ज्यात सूचना ऐकत ऐकत पुढे-मागे जायचं असतं. आधीच्या आठवड्यांत शहराचा सांस्कृतिक विभाग सरावही घेतो, तोही विनामूल्य. दहाला सगळं संपतं.

उ-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, ३ किंवा ६ ने गीझेलाश्ट्रासंला उतरून बागेतून चालत जा. पहाटेच्या गाड्या मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.

धाधिंना

वा! कोखर्लबालवर मराठीत पहिल्यांदाच वाचतोय. त्स्वीफाखरबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी तबला वाजवतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप मांडीवर गेले. या नाचात तीन मात्रांचं वॉल्ट्झ आणि दोन मात्रांची गिरकी एकाच गाण्यात मिसळलेली असते. सगळ्यात साधा साचा म्हणजे दोनदा तीन, मग दोनदा दोन. ३-३-२-२. एकूण दहा मात्रा! झपतालाच्याही दहाच, फक्त आपण त्या २-३-२-३ अशा वाटतो. पण खरी मजा पुढे आहे. प्रत्येक गाण्याचा साचा वेगळा असतो आणि वाजंत्री तुम्हाला आधी काही सांगत नाही. नाचणाऱ्याला ते गाणं पाठ हवं. तीनच्या लयीत निवांत फिरणारी जोडपी एकदम दोनच्या गिरकीत शिरतात, तेव्हा कुणाला गाणं येतं आणि कुणाला नाही ते लांबून ओळखता येतं. शेतकरी कुटुंबातल्या एका सत्तरीच्या जोडप्याला मी नाचताना बघितलं आहे. पावलं इतकी लहान आणि जमिनीलगत की खडीसुद्धा वाजत नव्हती. सम मात्र कुठे चुकली नाही.

ज्यांना लयीची आवड आहे त्यांनी नुसतं ऐकायला तरी जावंच.

सांगली_ते_श्टुटगार्ट

इझारकाठ, छान धागा. जुलैत आई-बाबा येताहेत, दोन दिवस म्युनिकला आणायचा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी, आणि बीअर म्हटलं की ती दारातूनच परत फिरेल. पहाटेचा नाच तर शक्यच नाही. त्यांना जमेल असं काही आहे का?

इझारकाठ

@सांगली_ते_श्टुटगार्ट, त्यांना बीअरगार्टनमध्येच घेऊन जा. अगदी मनापासून सांगतेय.

नावात बीअर असली तरी ती जागा म्हणजे मोठाल्या चेस्टनटच्या सावलीत मांडलेली टेबलं-बाकडी. आणि बव्हेरियाच्या बीअरगार्टनचा जुना रिवाज असा की खाणं आपण घरून न्यायचं. पेय तेवढं तिथलं घ्यायचं. यामागे इतिहास आहे. १५३९ च्या फर्मानाने उन्हाळ्यात बीअर गाळायला बंदी होती, २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. मग उन्हाळ्यासाठी साठा थंड राहावा म्हणून बीअरवाल्यांनी नदीच्या चढावर तळघरं खणली आणि त्यांच्यावर चेस्टनट लावले, कारण त्याची सावली दाट आणि मुळं फार खोल जात नाहीत. लोक थेट तळघराशी येऊन प्यायला बसू लागले, तशी खानावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२ मध्ये राजा पहिला माक्स योझेफ याने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बीअर विकावी, पण पावाखेरीज खाणं विकू नये. तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात. आज तिथे खाणं मिळतं, तरी डब्याचा हक्क कायम आहे.

म्हणजे आईंना थालीपीठ, दही, शेंगदाण्याची चटणी, दडपे पोहे, जे हवं ते नेता येईल, आणि कुणी भुवई उंचावणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ज्या टेबलांवर कापड घातलंय तिथे वेटर येतो, तिथे डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी टेबलांवर बसायचं. प्यायला आफेलशोर्लं घ्या, सफरचंदाचा रस आणि सोडा. ग्लासला अनामत घेतात, ग्लास परत केला की पैसे मिळतात.

गुडघ्यांसाठी हिर्शगार्टन सोयीचं. सपाट जमीन, एस-बान या लोकल गाडीचं स्टेशन त्याच नावाचं, आणि हरणांचं कुंपण अगदी बाकांजवळ. आठ हजार माणसं बसतील एवढं मोठं आहे, तेव्हा जागेची चिंता नाही. भरलेल्या टेबलाशी जाऊन "इस्ट हिअर नॉख फ्राय?" एवढं विचारायचं. लोक सरकून जागा देतात, आणि पंधरा मिनिटांनी आईंच्या थालीपिठाची चौकशी सुरू होईल याची खात्री देते.

सांगली_ते_श्टुटगार्ट

अगं, हे फारच उपयोगी आहे. आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. "भाजणी घेऊनच येते" म्हणाली.

चहाची_तल्लफ

ज्येष्ठ मंडळींसाठी माझं मत आउअर डुल्टला. मारियाहिल्फ चर्चभोवती भरणारी जत्रा. वर्षातून तीनदा भरते, उन्हाळ्यातली ती याकोबीडुल्ट, जुलैच्या शेवटी सुरू होते आणि नऊ दिवस चालते. याकोबीडुल्टचा उल्लेख १४ व्या शतकापासून सापडतो, फक्त तेव्हा ती शहरात दुसरीकडे भरायची. ऑक्टोबरफेस्टसारखा दणदणाट नाही. जुनी पुस्तकं, बटणं, झाडू, ब्रश, साखरेत परतलेले बदाम, मुलांसाठी पाळणे, आणि मुख्य म्हणजे भांडी. चिनीमातीची, दगडी, लाकडाची, गल्ल्याच्या गल्ल्या भांड्यांच्या.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. त्यांना जर्मनच काय, इंग्रजीही येत नाही. राखाडी रंगावर निळी नक्षी असते ना त्या दगडी बरण्यांच्या दुकानापाशी त्या थांबल्या आणि एकेक बरणी उचलून बोटाच्या पेराने वाजवून कानाशी धरायला लागल्या, माठ घेताना घेतात तशी. दुकानदार बाई बघत होत्या. मला वाटलं आता काही बोलतील. त्या पुढे आल्या, सासूबाईंनी निवडलेली बरणी घेतली, तशीच वाजवली, मान हलवून बाजूला ठेवली आणि खालच्या फळीवरची दुसरी काढून दिली. ती खणखणीत वाजली. दोघी हसल्या. त्या बरणीत आता साताऱ्याला लिंबाचं लोणचं आहे.

पेठेतला

मी म्युनिकला चार वर्षं काढली, आता पुण्यात परत आलोय. धागा वाचून बरं वाटलं, पण टॉलवुड या उन्हाळी महोत्सवाबद्दल कोणी बोललं नाही अजून. माझं स्पष्ट मत: टॉलवुड म्हणजे महागडा बाजार. ऑलिंपियापार्कमध्ये तंबू ठोकायचे, सेंद्रिय म्हणून दुप्पट भाव लावायचे आणि पर्यावरणावर फलक लावायचे. चौघांचं कुटुंब जेवून बाहेर पडलं की महिन्याचं गणित कोलमडतं. याला लोकांचा उत्सव म्हणायचं का?

इझारकाठ

@पेठेतला, भावाबद्दल तुमच्याशी सहमत. खाणं महाग आहे, आणि मोठ्या तंबूतल्या संगीताच्या कार्यक्रमांना तिकीट आहे. पण पूर्ण चित्र तेवढंच नाही हो. आत जायला पैसे लागत नाहीत. उघड्यावर होणारी नाटकं, कसरती, छोटे वाद्यवृंद हे सगळं फिरता फिरता बघायला मिळतं. आणि १९८८ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवात हजारोंच्या गर्दीला फेकून द्यायच्या ताटल्या-पेल्यांऐवजी अनामत घेऊन धुता येणारी भांडी देणं, खाण्याचा प्रत्येक ठेला प्रमाणित सेंद्रिय असणं, हे करून दाखवायला कष्ट पडतात. त्याची किंमत कुणीतरी मोजणार. ती कुणी मोजावी यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा. मी स्वतः घरून जेवून जाते आणि तिथे नाटक बघते.

पेठेतला

उघड्यावरच्या नाटकांचं मान्य. मुलीला तिथली उंच बांबूंवर चालणारी माणसं अजून आठवतात.

नवखी_पण_रुळलेली

मी इथे शिकायला आले ऑक्टोबरात. पहिला हिवाळा फार जड गेला. साडेचारला अंधार, वसतिगृहाच्या खोलीत मी आणि भिंत. त्यामुळे उन्हाळ्यातले हे कार्यक्रम माझ्यासाठी करमणुकीच्या पलीकडचे आहेत, म्हणून लिहितेय.

ऑलिंपियापार्कच्या तळ्याकाठी थेआट्रॉन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. दगडी पायऱ्या, आणि रंगमंच थेट पाण्यावर. ऑगस्टमध्ये तिथे संध्याकाळी वेगवेगळे बँड वाजवतात. रॉक, हिपहॉप, बव्हेरियन लोकसंगीतावर बेतलेलं काहीतरी, कधी शास्त्रीय. तिकीट नाही. एकटीने जायला कसंतरी वाटायचं, पण तिथे निम्मी माणसं एकटीच येतात. पायरीवर बसायचं, डबा उघडायचा. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण त्या पायरीवर भेटली, तिने माझ्याकडे पाण्याची बाटली धरायला दिली होती आणि मग आम्ही बोलतच राहिलो.

त्याच बागेत ऑलिंपियाबेर्ग ही टेकडी आहे. २०२४ च्या जुलैमध्ये टेलर स्विफ्टचे कार्यक्रम झाले तेव्हा तिकीट न मिळालेली हजारो माणसं त्या टेकडीवर चादरी टाकून बसली होती. मीही. स्टेडियमचं छत अर्धवट उघडं, त्यामुळे आवाज स्पष्ट येतो, पडद्याचा तुकडाही दिसतो. मनगटावरच्या मण्यांच्या माळा अनोळखी मुली एकमेकींना देत होत्या. सुरक्षेसाठी पोलीस होते, पण कुणाला हाकललं नाही. आत कार्यक्रम चालू असताना तिने टेकडीवरच्या लोकांचा उल्लेख केला तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मी विसरणं शक्य नाही.

जुना_श्वाबिंगकर

नवखी, त्या टेकडीबद्दल एक गोष्ट तुला सांगतो. ती निसर्गाने केलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावात पडलेल्या घरांचा राडारोडा शहराबाहेर नेऊन टाकला, त्याचा तो ढीग. पुढे १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बाग आखली तेव्हा त्यावर माती टाकून, हिरवळ लावून ढिगाची टेकडी केली. तिथे बसून पोरं गाणी ऐकतात याचं मला प्रत्येक वेळी समाधान वाटतं.

तसंच ओडिओन्सप्लाट्झ या चौकाचं. जुलैत तिथे दोन संध्याकाळी फेल्डहेर्नहालं या उघड्या दालनाच्या कमानींखाली इथले मोठे वाद्यवृंद वाजवतात, २००० सालापासून. त्याला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. पण याच जागेपाशी ९ नोव्हेंबर १९२३ ला हिटलरचा बंडाचा प्रयत्न पोलिसांनी मोडून काढला होता, आणि नंतर सत्तेवर आल्यावर त्याने याच कमानींना नाझींचं तीर्थक्षेत्र केलं होतं. तिथे आज ब्राम्सचं संगीत ऐकताना पाठीमागची ती भिंत माझ्या नजरेआड होत नाही. तरुणांनी जावं, ऐकावं, आणि ती भिंतही बघावी.

शांतता_हवी

सगळे कौतुक करताहेत, तेव्हा दुसरी बाजू लिहितो. मी गेर्टनरप्लाट्झ या चौकाजवळ राहतो. चौथा मजला, दोन लहान मुलं. मे ते सप्टेंबर रात्री दीडपर्यंत त्या गोल बागेभोवती शेकडो लोक बसलेले असतात. गाणी, बाटल्या, भांडणं. सकाळी मुलीला बालवाडीत सोडायला निघालो की सायकलच्या चाकात काचा. "शहर सगळ्यांचं आहे" हे वाक्य ऐकायला गोड आहे. झोपही सगळ्यांची आहे. भाडं भरतो, खिडकी उघडून झोपता येत नाही, आणि बोललं की आम्ही खडूस ठरतो.

इझारकाठ

@शांतता_हवी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता.

माझ्या मनात फरक एका गोष्टीचा आहे. कोखर्लबाल, थेआट्रॉन, बीअरगार्टन यांना सुरुवात आहे, शेवट आहे, आणि शेवट सांभाळणारं कुणीतरी आहे. काचा उचलणारं कुणीतरी आहे. गेर्टनरप्लाट्झवर रात्री एकला कुणी यजमान नसतो. म्हणून मला वाटतं की शहराने ठरावीक वेळेच्या, ठरावीक जागांच्या, विनातिकीट कार्यक्रमांची संख्या वाढवावी. तरुणांना बसायला जागा हवीच आहे, आणि ज्यांच्या खिशात बारमध्ये बसायला पैसे नाहीत ते चौकातच बसणार.

जुना_श्वाबिंगकर

वेळेच्या वादावरून १९९५ आठवलं. इथल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

शहराच्या दक्षिणेला ग्रोसहेसेलोहमध्ये वाल्डविर्टशाफ्ट नावाचं बीअरगार्टन आहे, तिथे जॅझ वाजतं. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि रात्री साडेनऊला बंद करा असा निकाल आला. उन्हाळ्यात साडेनऊला तर नीट अंधारही पडत नाही! १२ मे १९९५ ला मारिएनप्लाट्झवर वीसेक हजार माणसं जमली. मीही होतो, तेव्हा पंचविशीत होतो, पोस्टडॉकसाठी आलो होतो आणि मला जर्मन धड येत नव्हतं. आजूबाजूला डिर्न्डलमधल्या आज्या, छत्र्या, फलक, वाजंत्री. बाजूच्या गृहस्थांना विचारलं, काय मागणी आहे? ते म्हणाले, संध्याकाळ. एवढं एकच.

त्याला लोक बीअरगार्टन क्रांती म्हणतात. सरकारने लगेच नियम केला, तो कोर्टात अडला, मग १९९९ मध्ये सुधारून आला तो आजही लागू आहे. संगीत दहाला बंद, साडेदहानंतर काही द्यायचं नाही, आणि अकरापर्यंत लोक घरी निघालेले असायला हवेत. @शांतता_हवी, त्या नियमात तुमच्यासारख्यांचा विचार आहे आणि माझ्यासारख्यांचाही. दोघांना थोडं थोडं सोडावं लागलं. घरून खाणं आणता येणं हे त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात बीअरगार्टनची खूण म्हणून लिहिलं आहे, म्हणजे इझारकाठ म्हणतात तो डब्याचा हक्क आता कागदावर आहे.

शांतता_हवी

हे माहीत नव्हतं. दहा-साडेदहा-अकरा ही व्यवस्था मला चालेल. माझ्या चौकात ती नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि जाता जाता, थेआट्रॉनला मी मुलांना घेऊन जातोच.

धाधिंना

दहाच्या मर्यादेवरून सवाई आठवली. पूर्वी रात्रभर चालायची, मग ध्वनिक्षेपकाच्या नियमाने वेळा बदलल्या. उत्तररात्रीचे राग ऐकायची संधी गेली याची हळहळ मला आजही आहे. इथे निदान नाचच पहाटेचा आहे!

खर्जातली

ऑपेराप्रेमी कुणी आहे का? ओपर फ्युर आलं, म्हणजे सगळ्यांसाठी ऑपेरा. म्युनिकचा ऑपेरा महोत्सव १८७५ पासूनचा, जूनअखेर ते ३१ जुलै. आतली चांगली जागा दोनशे युरोच्या वर जाते. पण महोत्सवात एका संध्याकाळी आत नॅशनलथिएटरमध्ये चाललेला प्रयोग बाहेर माक्स-योझेफ-प्लाट्झवर भल्यामोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, विनामूल्य. चौकात दगडी फरशी, मधोमध राजाचा पुतळा, आणि सगळीकडे उशा, सतरंज्या, आजी-आजोबा, मुलं.

मी ऑपेरा असाच शिकले. दोन सूचना. कथा आधी वाचून जा, अंकाअंकानुसार. आणि बुडाखाली जाड काहीतरी हवं, कारण दगड तीन तास बसू देत नाही. घड्या घालायच्या खुर्च्या मागच्यांना अडचणीच्या होतात, उशीच बरी. प्रयोग संपला की गायक बाहेर पायऱ्यांवर येतात, चौकाला वाकून नमस्कार करतात. दोनशे युरोवाल्यांना आतमध्ये मिळाला तोच नमस्कार.

पडद्यावर जवळून चेहरा दिसतो, त्यामुळे श्वास कुठे घेतला, सूर कुठे धरला हे आतल्या चांगल्या जागेवरूनही दिसत नाही तेवढं स्पष्ट दिसतं. गाणं शिकणाऱ्यांनी तर चुकवू नये.

सांगली_ते_श्टुटगार्ट

आणि पाऊस आला तर? जुलैत बुकिंग करायची भीती वाटते.

जुना_श्वाबिंगकर

पाऊस येतोच. म्युनिकमध्ये जून-जुलै हेच सगळ्यात जास्त पावसाचे महिने. आल्प्सकडून ढग येतात ते अर्ध्या तासात. दुपारी कडक ऊन, पाच वाजता गार वारा सुटून पानं उलटी झाली की आसरा शोधायचा, थांबायचं नाही. १२ जुलै १९८४ ला इथे टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या होत्या, जुने लोक अजून बोलतात. मोकळ्या मैदानात झाडाखाली उभं राहू नका. छत्रीऐवजी अंगावरचा रेनकोट ठेवा, उघड्यावरच्या कार्यक्रमात छत्रीने मागच्यांना काही दिसत नाही. बहुतेक सरी तासाभरात ओसरतात. कार्यक्रम रद्द झाला तर त्या दिवशी आयोजकांच्या पानावर कळतं.

नवखी_पण_रुळलेली

सिनेमाचं राहिलं. वेस्टपार्कमध्ये तळ्याजवळच्या रंगमंचावर उन्हाळाभर उघड्यावर सिनेमे दाखवतात, तिकीट आहे पण परवडतं. अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे साडेनऊ तरी होतात. उन्हाळ्यातही रात्री गारठा पडतो, पांघरूण न्याच. आणि इझार नदीच्या काठावर फ्लाउखरला आखून दिलेल्या जागी शेगडी पेटवता येते. आम्ही तिथे कणसं भाजतो, तिखट-मीठ-लिंबू लावून. आजूबाजूचे वास घेत येतात.

इझारकाठ, कोखर्लबालला या वर्षी आपण मिळून जायचं का? मला फ्राँसेझ नाचायचीच आहे, पण एकटीने रांगेत शिरायला अजून धीर होत नाही.

इझारकाठ

जाऊ या की! फ्राँसेझला समोरासमोर दोन रांगा लागतात, जोड्यांनी. चार जोड्या असल्या तरी आपली आपली छोटी रांग होते आणि मग शेजारच्यांना जोडता येते. सरावाच्या तारखा जाहीर झाल्या की इथे टाकते. एका तरी सरावाला या, कारण "समोर जा, नमस्कार, जागा बदला" या सूचना भराभर येतात आणि गर्दीत मागे वळून बघायला वेळ मिळत नाही. कपड्यांचं बंधन नाही. मी नऊवारी नेसते, काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि गिरकीला अडत नाही. बूट मात्र सपाट तळव्याचे घाला, खाली खडी आहे.

धाधिंना

मी आणि बायको, एक जोडी धरा. खायला मी साबुदाण्याची खिचडी आणतो, थर्मासमध्ये गरम राहते.

चहाची_तल्लफ

आम्ही दोघं. चहा माझ्याकडे, मोठे दोन थर्मास. आल्याचा एक, बिनआल्याचा एक.

खर्जातली

मी आहे, जोडीदार शोधून द्या.

शांतता_हवी

मी येऊ शकतो. मुलं आजीकडे असतात त्या आठवड्यात. नाच येत नाही, सरावाला नक्की येईन.

खर्जातली

@शांतता_हवी, मग झाली की जोडी. मलाही येत नाही.

इझारकाठ

धाधिंना-वहिनी, चहाची_तल्लफ आणि अहो, खर्जातली-शांतता_हवी, नवखी आणि मी: चार जोड्या पूर्ण. पहाटे पावणेपाचला मनोऱ्याजवळच्या, लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्राच्या बाजूला भेटू. चादर आणि मेणबत्त्या मी आणते. मुळा कापायला कुणाला येत असेल तर सांगा, नाहीतर धारदार सुरी घेऊन या, तिथल्या आजोबांना विचारू.